जुन्या जीपीएसची सोयरीक

दोन माणसं एका गाडीखाली आडवी पडून हरवलेला नट शोधायला लागली की किस्सा तयार होतो, असं माझं मत आहे. आमच्याकडे तर गाडी नाही, विमान आहे! त्यामुळे नट सापडो न सापडो, किस्से मात्र भरपूर. कुठं लग्नाला जा, बारशाला जा, कुणीतरी म्हणतंच, "वैशाली, तुझ्या विमानातलं काहीतरी सांग ना." मी एक सांगते, त्यातून दुसरा निघतो, ताटातला भात गार होतो आणि आई लांबूनच डोळे वटारते.

आधी आमची मंडळी सांगते, म्हणजे पुढं घोळ नको.

चौक गावाहून कर्जतकडे येताना एक कच्चा रस्ता भातखाचरांत शिरतो. तो संपतो तिथं गवताची धावपट्टी आणि पत्र्याची मोठी शेड. शेडमध्ये दोन सीटचं छोटं विमान. मालक कॅप्टन बर्वे. त्यांनी आयुष्यभर मोठी प्रवासी विमानं चालवली आणि रिटायर झाल्यावर हे खेळण्याएवढं घेतलं. शेजारच्या बंगल्यात ते आणि त्यांच्या मिसेस शीलाताई राहतात. इंजिन बघतो दिनूदादा. त्याचं पूर्वी चौकला हायवेवर ट्रकचं गॅरेज होतं. विमानाच्या इंजिनाचं रीतसर शिक्षण त्यानं नंतर घेतलं, पण इंजिनाशी बोलतो अजून ट्रकच्याच भाषेत. आणि वायरी, स्क्रीन, बटणं यांचं खातं माझं. मी भिवपुरीची, इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलेली.

मला ही नोकरी लागली तेव्हा आमच्या वस्तीत बातमी पसरली, "वैशूला विमानात नोकरी लागली!" शेजारची काकू पेढे मागायला आली. तिच्या डोक्यात एअर होस्टेस. आठवड्यानं मी संध्याकाळी घरी येत होते. हात कोपरापर्यंत काळे, गालावर ग्रीस, केसांत पत्र्याचा कीस. काकूनं मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं आणि आईला हळूच विचारलं, "प्रवाशांना चा चुलीवर करून देतात काय गं?"

*

तर एकदा कॅप्टनांनी इंजिनासाठी नवाकोरा मॉनिटर आणला. हातभर खोक्यातून निघाला तळहाताएवढा स्क्रीन. इंजिन किती तापलं, तेलाचा दाब किती, तासाला पेट्रोल किती जळतंय, टाकीत किती उरलं, सगळं दाखवणारा.

"आणि याला जीपीएस जोडला," कॅप्टन म्हणाले, "की हा हेही सांगतो, की तू जिथं चालला आहेस तिथं पोचल्यावर टाकीत किती शिल्लक असेल."

मग त्यांनी कपाटातून जीपीएस काढला. मी बघतच राहिले. करड्या रंगाचा, विटेसारखा जाड, वर काळं शिंग असावं तशी अँटेना, मागं पेन्सिल सेल घालायचं झाकण. कुणाचा तरी वापरलेला, त्यांनी मुद्दाम शोधून मागवलेला.

"सर, नवा घेऊ या ना. हल्ली टच स्क्रीनवाले येतात."

"मुळीच नाही. मी वर्षानुवर्षं हेच मॉडेल वापरलंय. याची बटणं मला डोळे मिटून सापडतात."

दिनूदादा इंजिनात डोकं घालून उभा होता. तिथूनच म्हणाला, "कॅप्टन, एक विचारू? तुमी डोळे मिटून चालवता व्हय?"

शीलाताई चहा घेऊन आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "म्हणूनच मी बसत नाही."

मी दिनूदादाला नीट समजावून सांगितलं, की मॉनिटरला पेट्रोलचं कळतं पण वाटेचं कळत नाही, जीपीएसला वाटेचं कळतं पण पेट्रोलचं नाही. दोघांना तारेनं जोडायचं. दिनूदादानं हात पुसले, एकदा नव्या मॉनिटरकडे बघितलं, एकदा त्या विटेकडे बघितलं.

"पोरगी शिकलेली, नवरा म्हातारा," तो म्हणाला. "सोयरीक जमायची नाय सोपी."

*

पहिल्याच दिवशी मी तारा जोडल्या. तीनच तारा. जास्त डोकं लावायचं कामच नाही. स्विच टाकला. मॉनिटर म्हणतो, जीपीएस सापडत नाही. जीपीएस म्हणतो, मला काहीच अडचण नाही. आकाशातले उपग्रह त्याला दिसतायत, हातभर अंतरावरचा मॉनिटर दिसत नाहीये!

तारा काढल्या, पुन्हा लावल्या. प्लग बदलला. कॅप्टन चष्मा कपाळावर ढकलून माझ्या खांद्यावरून बघत होते. ते दर दोन मिनिटांनी म्हणत, "मी सांगू का?" आणि मी म्हणे, "सर, एक मिनिट." मग मी म्हणे, "सर, तो टॉर्च जरा..." आणि ते म्हणत, "एक मिनिट, आधी माझं ऐक."

शेवटी मीटर लावून तपासलं आणि लख्ख प्रकाश पडला. प्रत्येक मशीनला एक तार बोलायची असते, एक ऐकायची. एकाची बोलायची तार दुसऱ्याच्या ऐकायच्या तारेला जायला हवी. जुन्या जीपीएसच्या माहितीपत्रकात नावं उलटी छापलेली होती, म्हणून बोलायची तार बोलायच्या तारेला गेली होती.

"सापडलं!" मी ओरडले. "दोघंही एकमेकांशी नुसते बोलतायत, ऐकत कुणीच नाहीये!"

शीलाताई दारात खुर्ची टाकून शेंगा सोलत होत्या. त्यांनी मान वर न करता विचारलं, "किती वर्षं झाली म्हणालीस लग्नाला?"

*

तारांची अदलाबदल केल्यावर मॉनिटरला जीपीएस ऐकू यायला लागला. पण काय ऐकू येत होतं देव जाणे! स्क्रीनवर नुसते चौकोन, प्रश्नचिन्हं आणि मधेच एखादं झेड.

त्या दिवशी शेडमध्ये गोविंदभाऊ आले होते. धावपट्टीला लागूनच त्यांची भाताची खाचरं. वयानं सगळ्यांत मोठे आणि कानानं थोडे अधू. विमान उतरलं की म्हशी बुजतात अशी तक्रार करायला म्हणून ते येतात आणि चहा पिऊन, तक्रार विसरून जातात.

"काय झालं गं?" त्यांनी विचारलं.

मी वैतागलेली होते. एका दमात सगळं सांगितलं, म्हणजे जीपीएसकडून डेटा येतोय पण मॉनिटरला तो वाचता येत नाहीये आणि वायर तर बरोबर आहे आणि मी सगळं तपासलंय आणि...

भाऊंनी हात वर केला. "अगं ए, जरा हळू बोल की! टकाटका बोललीस तर कळायचं कसं मानसाला?"

मी थबकले. जीपीएसच्या सेटिंगमध्ये गेले. बोलण्याचा वेग! जीपीएस दुप्पट वेगानं बोलत होता आणि मॉनिटर त्याच्या निम्म्या वेगानं ऐकत होता. एक बटण दाबलं, वेग कमी केला, आणि स्क्रीनवर स्वच्छ आकडे आले!

"भाऊ! तुम्ही सोडवलंत!" मी त्यांचे दोन्ही हात धरले.

"मी?" भाऊ गोंधळले. "मी तुला म्हनालो. त्याला नव्हं."

पण कॅप्टन खूश झाले होते. त्यांनी भाऊंच्या पाठीवर थाप मारली आणि सगळ्यांसमोर जाहीर केलं, की आज आमचं विमान गोविंदभाऊंनी दुरुस्त केलं. ही चूक झाली. भाऊंनी ते मनावर घेतलं. चौकच्या धाब्यावर बसून ते दोन-तीन दिवस सांगत होते, की बर्व्यांचं विमान आडलं का मला बोलावत्यात.

पुढच्या आठवड्यात भाऊ आले ते काखेत पिशवी घेऊन. पिशवीत मिक्सर.

"धाबेवाल्यानं दिलाय," ते खालच्या आवाजात म्हणाले. "चटणी वाटत नाय म्हनतोय. मी त्याला हळू बोलून बघितला, पन फरक नाय पडला. तू बघतेस का? फक्त मी केला म्हनून सांगायचं हां!"

*

आकडे आले म्हणजे संपलं असं मला वाटलं होतं. इंजिन बंद असताना सगळं सुरळीत. इंजिन सुरू केलं की जीपीएसचे आकडे गायब! बंद केलं की परत हजर. दिनूदादा म्हणाला, "भूत हाय."

"दादा, भूतबित काही नसतं. कुठंतरी अर्थिंग लूज आहे. इंजिन थरथरलं की सुटतंय."

"असंल. मी कुठं नाय म्हनतोय? तू अर्थिंग बघ, मी माजं बघतो."

दुसऱ्या दिवशी येऊन बघते तर विमानाच्या पंख्यामागं, इंजिनाच्या पत्र्याला आतून, लिंबू-मिरची टांगलेली! मी कपाळाला हात लावला. आमच्या घरात लिंबू फक्त सरबतात पडतं. आजोबांनी धम्मदीक्षा घेतली तेव्हापासून असले प्रकार बंद, आणि इथं आम्ही विमान उडवतोय!

मी माझं काम केलं. अर्थिंगची तार जिथं पत्र्याला आवळली होती, तिथं पत्र्यावर रंगाचा थर होता. तो खरवडला, खालचा पत्रा चमकेपर्यंत घासला, तार पुन्हा आवळली. इंजिन सुरू केलं. आकडे जागच्या जागी!

"बघितलंस?" मी म्हणाले.

"बघितलं!" दिनूदादा लिंबाला हात जोडून म्हणाला.

मग कॅप्टन आले. विज्ञाननिष्ठ माणूस. लिंबू बघून त्यांचा चेहरा बदलला. "दिनू, इंजिनावर मोकळी वस्तू टांगतात? काढ ते ताबडतोब. नाही, थांब, मीच काढतो." त्यांनी हात आत घातला, दोरा ओढला, लिंबू काढलं आणि बाहेर फेकून दिलं.

इंजिन सुरू केलं. आकडे गायब!

दिनूदादानं तोंडावर फडकं धरलं होतं, पण त्याचे खांदे हलत होते. मला समजलं होतं, की दोरा ओढताना कॅप्टनांचं कोपर तारेला लागलं असणार. पण ते सांगायला मी तोंड उघडेपर्यंत कॅप्टन शेडबाहेर गेले होते. गवतात वाकून, हातानं झुडपं बाजूला करत, ते काहीतरी शोधत होते.

"सर, काय हरवलं?"

कॅप्टन सावकाश ताठ उभे राहिले, पँट झटकली आणि म्हणाले, "काही नाही. मिरच्या सापडल्या, लिंबू कुठं गेलं ते बघतोय."

*

याच दिवसांतली दिनूदादाची फजिती सांगायलाच हवी.

जोडणी झाल्यावर मॉनिटर प्रत्येक वेळची माहिती साठवून ठेवायला लागला. कॅप्टनांनी ती कॉम्प्युटरवर उघडली आणि म्हणाले, "वैशाली, मी काल उडालोच नाही."

"म्हणजे?"

"हे मशीन म्हणतंय मी वीस वर्षांपूर्वी उडालो."

खरंच! जागा बरोबर, वेळ बरोबर, तारीख मात्र सरळ वीसेक वर्षं मागची. याचं कारण मला माहीत होतं. उपग्रह आठवड्यांचा नंबर पाठवतात, तो ठरावीक आकड्यापर्यंत गेला की पुन्हा शून्यापासून सुरू होतो. नव्या मशीनला हे कळतं, जुन्याला कळत नाही. दिनूदादाला सांगताना मी म्हटलं, "तुझ्या जुन्या स्कूटरच्या किलोमीटरच्या काट्यासारखं. सगळे नऊ झाले की पुन्हा सगळी शून्यं."

"आस्सं!" त्याला लगेच पटलं. "मंग त्याच्या हिशोबानं आज कंची तारीख?"

मी सांगितली. दिनूदादानं बोटांवर काहीतरी मोजलं आणि त्याचा चेहरा उजळला.

"अगं म्हंजे माजं लगीन व्हायचं हाय अजून! कॅप्टन, मला बसवा त्यात. मी पटकन जाऊन सांगून येतो घरच्यान्ला!"

आम्ही हसतोय, कॅप्टन हसतायत, शीलाताईंना ठसका लागलाय. एवढ्यात टूलबॉक्सवरून आवाज आला, "काय सांगून येताय?"

दिनूदादाचा फोन! बायकोशी बोलता बोलता हात ग्रीसचे झाले म्हणून त्यानं तो स्पीकरवर टाकून टूलबॉक्सवर ठेवला होता आणि साफ विसरला होता. पलीकडून वहिनींनी पुन्हा विचारलं, "ऐकू आलं का? काय सांगून येताय, म्हटलं!"

दिनूदादानं एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा कॅप्टनांकडे. मग फोनजवळ वाकून अगदी गोड आवाजात म्हणाला, "सांगून येतो की... मुहूर्त जरा आलीकडचा काढा म्हनून!"

*

आता माझ्या पहिल्या उड्डाणाचं सांगते. हे घडलं तेव्हा हसू आलं नव्हतं.

कॅप्टन म्हणाले, "तू जोडलंयस, तूच बस शेजारी आणि बघ कसं चालतं." मी घरी सांगितलं. आईनं आदल्या दिवशी दोनदा विचारलं, पट्टा असतो ना गं बांधायला? मी नवा पंजाबी ड्रेस घातला. फोन पूर्ण चार्ज केला, फोटो काढायचे म्हणून.

घाट ओलांडून एक चक्कर मारायची आणि परत यायचं असं ठरलं होतं. पावसाळा सरल्यानंतरचे दिवस, सकाळ स्वच्छ. जाताना वाऱ्यानं विमान असं हलत होतं, की मी डोळे घट्ट मिटून घेतले. म्हटलं, येताना बघू. परत फिरलो आणि बघतो तर काय! आमच्या पट्टीवर काळा ढग उतरलेला. खाली पाऊस कोसळतोय, वीज चमकतेय. दिनूदादानं शेडमधून वायरलेसवर सांगितलं, "कॅप्टन, इकडं नका येऊ! शेडचा पत्रा उडतोय!"

पेणच्या पलीकडे कॅप्टनांच्या एका मित्राची शेतात पट्टी आहे. तिथं जायचं. पण पेट्रोल पुरेल का?

"काही काळजी नको," कॅप्टन म्हणाले. "मशीन सांगेल." त्यांनी जीपीएसवर ती जागा निवडली. मॉनिटरवर आकडा आला. पोचल्यावर पुरेसं शिल्लक. मी श्वास सोडला, आणि आकडा गेला! त्याच्या जागी नुसत्या रेघा.

कॅप्टनांचा आवाज एकदम मऊ झाला. मोठ्या विमानांवर इतकी वर्षं काढलेल्या माणसाचा आवाज मऊ झाला की समजावं, आता चेष्टा संपली. "वैशाली, मी पेन्सिलनं हिशोब केलाय. पुरायला हवं. पण वारा समोरून वाढतोय, मला तो आकडा हवाय. काय करता येईल?"

मी पट्टा सैल केला, पुढं वाकले आणि पॅनेलच्या खाली डोकं घातलं. टॉर्च तोंडात. वर बघते तर प्लगची पकडच तुटलेली, प्लग लोंबकळतोय. मी तो दोन बोटांनी दाबला.

"आला!" कॅप्टन.

मी बोटं जरा ढिली केली.

"गेला!"

पुन्हा दाबला.

"आला! तसाच धर! हलू नकोस!"

मग मी तशीच. कपाळ पॅनेलच्या कडेला टेकलेलं, टॉर्च तोंडात, लाळ गळतेय, बोटांना मुंग्या आल्यात. विमान खालीवर होतंय आणि मला काही दिसत नाहीये. वरून फक्त कॅप्टनांचा आवाज येत होता. ते मधूनमधून आकडा वाचून दाखवत होते. शिल्लक थोडी कमी झाली. अजून थोडी. आता स्थिर. मला आईची आठवण येत होती आणि रडायची सोय नव्हती, तोंडात टॉर्च होता.

चाकं गवतावर टेकली तेव्हा मला कळलंसुद्धा नाही. इंजिन बंद झालं, आणि मग कॅप्टनांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "सोड आता, बाळा. पोचलो." माझी बोटं सरळ होईनात. त्यांनीच एकेक करून सोडवली. खाली उतरल्यावर दोघंही गवतात बसलो.

मग कॅप्टन म्हणाले, "पण इर्शाळगड ढगातून कसला दिसत होता नाही? मी इतकं सुंदर दृश्य कित्येक वर्षांत बघितलं नव्हतं!"

मी ओढणीनं तोंडावरची लाळ पुसली.

रात्री घरी पोचले. आई दारातच उभी. शेजारची काकू, तिची सून, सगळ्या जमलेल्या. आईनं मला घट्ट धरलं, मग चाचपून बघितलं आणि विचारलं, "कसं दिसतं गं वरून सगळं?"

"आई," मी म्हणाले, "कॅप्टनांचे बूट तपकिरी आहेत. डाव्याची लेस तुटलेली आहे."

*

शेवटचा सांगते आणि उठते.

प्लगही बदलला, सगळं व्यवस्थित चालायला लागलं, तेव्हा एका रविवारी शीलाताई आपण होऊन म्हणाल्या, "आज मी बसते." कॅप्टनांना खरं वाटेना. त्यांनी विमान दोनदा पुसलं. दिनूदादा आणि मी शेडमध्ये वायरलेस घेऊन बसलो.

थोड्या वेळानं वायरलेसवर कॅप्टनांचा आवाज आला. चिडलेला. "वैशाली, तुझी जोडणी पुन्हा बिघडली. शीला म्हणाली, मुंबईला जायला किती पेट्रोल लागेल ते दाखव. मी यादीतून मुंबई निवडली. हा म्हणतो, पोचल्यावर शिल्लक वजा नऊशे लिटर!"

"वजा?"

"वजा! आणि बाण आग्नेयेला दाखवतोय. मुंबई आग्नेयेला आहे का?"

दिनूदादानं माझ्या हातातून वायरलेस घेतला. "कॅप्टन, टेंपो पाठवू का वर? नऊशे लिटरचा?"

ते उतरल्यावर आम्ही विमानाभोवती जमलो. तारा ठीक, वेग ठीक, अर्थिंग ठीक. मी जीपीएस त्याच्या पकडीतून काढून हातात घेतला आणि ती यादी उघडली. मशीन वापरलेलं, आधीच्या मालकानं साठवलेल्या जागा तशाच होत्या. इंग्रजी मोठ्या अक्षरांत छोटी छोटी नावं. होम. डॅम. पब. आणि त्याखाली एम, यू, एम.

"हीच ना मुंबई?" कॅप्टन म्हणाले.

मी त्या जागेचे अक्षांश-रेखांश फोनच्या नकाशात घातले. नकाशा सरकत सरकत समुद्र ओलांडून गेला आणि थेट ऑस्ट्रेलियात जाऊन थांबला. लाल माती. मैलोन्‌मैल काही नाही. मधे पत्र्याचं एक घर, शेजारी पाण्याची टाकी, एक झाड, आणि घरामागं विमान उतरेल अशी एक पुसट सरळ रेघ.

"ही मुंबई नाही," शीलाताई म्हणाल्या. "मम आहे. तिकडं आईला मम म्हणतात."

दिनूदादानं फोन हातात घेऊन ते पत्र्याचं घर मोठं करून बघितलं. दार दिसतंय का, ते बघत होता.

"ह्यो तिला भेटाया विमानानं जायचा," तो म्हणाला. "म्हातारी असंल का वो अजून?"

"कोण जाणे," कॅप्टन म्हणाले. मग घसा खाकरून, नेहमीच्या आवाजात, "बरं, ते काही असो. जुन्या जागा पुसून टाकायला हव्यात. परत घोळ नको. दे इकडे."

त्यांनी होम पुसलं. डॅम पुसलं. पब पुसलं. शेवटच्या नावावर आले. मशीननं विचारलं, पुसायचं का? हो की नाही?

कॅप्टनांचा अंगठा बटणावर तसाच राहिला. मग त्यांनी जीपीएस माझ्या हातात दिला. "माझा चष्मा आत राहिलाय. तू दाब."

चष्मा त्यांच्या कपाळावर होता. मी त्या तीन अक्षरांकडे बघितलं आणि जीपीएस दिनूदादाकडे सरकवला. "दादा, तू दाब. माझे हात ओले आहेत."

"माजे ग्रीसचे हायेत," दिनूदादा म्हणाला आणि दोन बोटांत धरून तो शीलाताईंना दिला.

शीलाताईंनी स्क्रीनकडे बघितलं. प्रश्न अजून तिथंच होता. त्यांनी जीपीएस उलटा केला, मागचं झाकण उघडलं, सेल काढले, तसा प्रश्न स्क्रीनसकट विझला; सेल पदराला पुसून त्यांनी मुठीत धरले.

"चला," त्या म्हणाल्या, "चहा टाकते."